नळ आला, पण पाणी कोणत्या पायरीवर?

हातातले काम चालू असू द्या, कान मात्र थोडा वेळ इकडे द्या.

बचत गटांच्या बैठकांसाठी आम्ही गावोगाव फिरतो. अलीकडे पाण्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येते, "आता घरात नळ आलाय, पाण्याचा प्रश्न मिटला." नळ येणे ही मोठीच गोष्ट आहे. १५ ऑगस्ट २०१९ ला जल जीवन मिशन सुरू झाले, तेव्हा देशातल्या खेड्यांत दर सहा घरांपैकी जेमतेम एका घरात नळ होता. आज पाचातल्या चार घरांच्या आसपास तो पोचला आहे. डोक्यावरचा हंडा उतरण्याचे मोल आपल्याइतके कुणाला कळणार?

पण मैत्रिणींनो, नळ येणे ही एक गोष्ट, नळाला रोज पाणी येणे ही दुसरी, आणि येणारे पाणी पिण्याजोगे असणे ही तिसरी. वापरलेले पाणी आणि संडासातला मैला शेवटी जातो कुठे, ही चौथी. या चारही गोष्टी ज्यांना मिळतात असे लोक जगात किती आहेत? ज्यांना मिळत नाहीत, त्यांना का मिळत नाहीत? आणि त्यात आपल्या गटाने करण्यासारखे काय आहे? आज एवढेच बोलू.

जगाचा हिशोब

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ या दोन संस्था मिळून जगभराच्या पाण्याचा आणि स्वच्छतेचा हिशोब ठेवतात. त्यांच्या २०२४ च्या आकड्यांप्रमाणे जगातल्या सुमारे २१० कोटी लोकांना सुरक्षित पिण्याचे पाणी मिळत नाही. म्हणजे चार माणसे ओळीत उभी केली तर त्यातले एक. सुमारे १० कोटी लोक तर आजही नदी, ओढा, तळे यांतले पाणी तसेच उचलून पितात. मैल्याची सुरक्षित विल्हेवाट होत नाही असे लोक आहेत सुमारे ३४० कोटी, आणि त्यातल्या ३५ कोटींना अजून उघड्यावरच बसावे लागते.

हे दुःख सगळीकडे सारखे वाटलेले नाही. युरोप आणि उत्तर अमेरिकेत शंभरातल्या नव्वदहून जास्त लोकांना सुरक्षित पाणी घरात मिळते. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत तेच प्रमाण शंभराला तीसच्या आसपास आहे. त्याची किंमत लेकरे मोजतात. खराब पाणी, संडासाचा अभाव आणि हात धुण्याची सोय नसणे यांमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १४ लाख माणसे गेली. त्यांत जवळजवळ ४ लाख पाच वर्षांच्या आतली मुले होती. भागाकार करून पाहा, दिवसाला हजारावर लेकरे होतात. यातली बहुतेक दगावली जुलाबाने आणि छातीच्या संसर्गाने. हे आजार टाळता येतात.

पाच पायऱ्यांची शिडी

आता हे "सुरक्षित पाणी" म्हणजे नेमके काय? या संस्थांनी त्यासाठी पाच पायऱ्यांची एक शिडी केली आहे. ऐकता ऐकता आपले घर कोणत्या पायरीवर आहे ते मनात ठरवा.

सगळ्यात खालची पायरी म्हणजे ओढ्या-नदीचे, तळ्याचे पाणी थेट पिणे. दुसरी पायरी उघड्या, कठडा नसलेल्या विहिरीची किंवा झऱ्याची. तिथे पावसाचा गाळ जातो आणि गुरांचे शेणमूतही. तिसऱ्या पायरीवर पाण्याची जागा चांगली असते, हातपंप असतो किंवा झाकलेली विहीर असते, पण जाऊन, रांगेत थांबून, पाणी घेऊन परत यायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो. तेच काम अर्ध्या तासाच्या आत झाले तर ती चौथी पायरी, तिला प्राथमिक सोय म्हणतात. आणि पाचवी, सगळ्यात वरची. तिच्यासाठी तीन अटी आहेत. पाणी घरात किंवा अंगणात हवे, गरज लागेल तेव्हा मिळायला हवे, आणि त्यात मैल्यातले जंतू किंवा घातक रसायने नकोत. तिन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच पाणी सुरक्षित.

म्हणजे अंगणात नळ आहे पण पाणी चार दिवसांनी येते, तर पाचवी पायरी अजून आलेली नाही. रोज येते पण पावसाळ्यात गढूळ येते, तरीही नाही. नळ आला म्हणजे आपण शिडी चढायला लागलो. माथ्यावर पोचलो का, ते पाणी तपासल्याशिवाय कळत नाही.

हंड्याचे गणित

चौथ्या पायरीवरचा अर्धा तास ऐकायला थोडा वाटतो. जरा हिशोब करू. आपल्याकडे खेड्यात माणशी रोज ५५ लिटर पाणी मिळावे असे सरकारचे प्रमाण आहे. पाच माणसांच्या घराला झाले २७५ लिटर. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, म्हणजे रोजचे पावणेतीन क्विंटल. एवढी ज्वारी रोज डोक्यावरून वाहून आणा असे कुणी सांगितले तर आपण त्याला वेड्यात काढू.

डोक्यावर १५ लिटरचा हंडा आणि कमरेवर १० लिटरची कळशी घेतली, तर एका खेपेला २५ लिटर येते. अकरा खेपा होतात. खेपेला अर्धा तास धरला तर साडेपाच तास! एवढा वेळ कुठल्या बाईकडे असतो? मग ती काय करते? पाणीच कमी आणते. आंघोळ एक दिवसाआड करते, धुणे साठवते, हात नुसते पदराला पुसते. पाहुणे आले की स्वतः कमी पिते. पाणी लांब असले की स्वच्छता आपोआप कमी होते. "त्या वस्तीतल्या बायका अस्वच्छ राहतात" असे म्हणण्याआधी पाणवठा किती लांब आहे ते मोजावे.

जगात जवळजवळ १८० कोटी लोकांच्या घरात किंवा आवारात पाणी नाही. अशा दर दहा घरांपैकी सात घरांत पाणी आणण्याचे काम बाया आणि मुलीच करतात. युनिसेफने २०१६ मध्ये अंदाज मांडला होता की पाणी आणण्यात जगभरच्या बाया-मुलींचे दिवसाला २० कोटी तास जातात. आठ तासांची एक मजुरी धरली तर अडीच कोटी मजुऱ्या झाल्या. रोजच्या, आणि बिनपगारी. या तासांत मुलीची शाळा असते, बाईची मजुरी असते, गटाची बैठक असते. "मीटिंगला वेळ मिळत नाही" असे एखादी सभासद म्हणते, तेव्हा तिचा वेळ बहुधा हंड्यातच गेलेला असतो.

गरिबाला पाणी महाग का?

एक विचित्र गोष्ट सांगतो. ज्याच्याकडे पैसे कमी, त्याला पाणी जास्त महाग पडते. वॉटरएड या संस्थेने २०१६ मध्ये काही देशांतले भाव तपासले होते. पापुआ न्यू गिनी देशाच्या राजधानीत, पोर्ट मोर्सबीत, एखाद्या गरीब माणसाला दिवसाचे ५० लिटर पाणी विकत घ्यायचे तर दिवसाच्या कमाईतली निम्म्याहून जास्त रक्कम जाई. इंग्लंडमधल्या मजुराला तेवढेच पाणी नळाने घरी मिळे, आणि त्यासाठी त्याच्या दिवसाच्या कमाईतला साधारण हजारावा भाग लागे.

याचे कारण साधे आहे. नळाचे पाणी सार्वजनिक पैशातून, मोठ्या प्रमाणावर आणि स्वस्तात येते. पाइप ज्या वस्तीत जात नाही तिथे टँकर जातो, ड्रम जातो, हातगाडी जाते. मधल्या प्रत्येक हाताचा वाटा त्या पाण्यावर चढतो. जग फिरायचीही गरज नाही. उन्हाळ्यात टँकरवाल्याला दिलेले पैसे आणि गावातली वर्षाची पाणीपट्टी शेजारी शेजारी लिहून पाहा.

पाणी जवळ असले म्हणजे मिळतेच असेही नाही. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणे आहेत. तिथले पाणी मुंबईला जाते. तानसाचे पाणी तर १८९२ पासून जाते. आणि त्याच तालुक्यातले आदिवासी पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. पाणी डोंगरउतारावरून खाली वाहते हे शाळेत शिकलो. माणसांच्या जगात ते पैसा आणि सत्ता असेल तिकडे वाहते, हे आपण अनुभवातून शिकतो.

आणि काही ठिकाणी पैशाचाही प्रश्न नसतो. महाडच्या चवदार तळ्यात पाणी मुबलक होते. तळे नगरपालिकेचे होते, सर्वांना खुले असल्याचा ठरावही झालेला होता. तरी दलितांना तिथे पाण्याला हात लावू देत नसत. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्या ओंजळीचा खटला पुढे दहा वर्षे चालला आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयात निकाल दलितांच्या बाजूने लागला. म्हणून आपल्या गावात पाइपलाइन कुठवर गेली आणि कोणत्या वस्तीच्या अलीकडे थांबली, हे बघायचे ते या डोळ्यांनी.

श्रीमंत देशातही

तुम्ही म्हणाल, श्रीमंत देशात तरी हे नसेल. अमेरिकेतले फ्लिंट गाव घ्या. मिशिगन राज्यातले हे शहर मोटारींच्या कारखान्यांवर उभे राहिले. कारखाने गेले तशी गरिबी आली. वस्तीत बहुसंख्य कृष्णवर्णीय लोक. एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवण्यासाठी शहराचे पाणी बदलून फ्लिंट नदीचे घेतले गेले. ते पाणी पाइप झिजवणारे होते, आणि पाइप झिजू नयेत म्हणून त्यात जे मिसळावे लागते ते मिसळले नाही. जुन्या पाइपांतले शिसे पाण्यात उतरू लागले. शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते, आणि तो अपाय भरून निघत नाही.

पाणी तांबूस येई, वास येई, अंगावर पुरळ उठे. बाया बाटल्या भरून अधिकाऱ्यांपुढे नेत. उत्तर मिळे, पाणी चांगले आहे. लीॲन वॉल्टर्स नावाची चार मुलांची आई मागे हटली नाही. तिने कागदपत्रे वाचली, पाण्याचे शास्त्र समजून घेतले, एका विद्यापीठातल्या संशोधकांना गाठले आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना सोबत घेऊन घराघरांतून नमुने गोळा केले. मोना हॅना-अतिशा या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी मुलांच्या रक्तातले शिसे वाढल्याचे आकड्यांनिशी दाखवले. ऑक्टोबर २०१५ मध्ये पाणी पुन्हा बदलावे लागले. तक्रार झटकता येते. पण घर क्रमांक, तारीख आणि तपासणीचा आकडा यांची यादी झटकणे अवघड जाते.

दुसरे उदाहरण बांगलादेशाचे. १९७० नंतर तिथे जुलाबाने मुले दगावू नयेत म्हणून गावोगाव हातपंप बसवले. पाणी स्वच्छ, गार, काचेसारखे. पुढे १९९० च्या दशकात कळले की त्यातल्या लाखो पंपांच्या पाण्यात जमिनीतले आर्सेनिक आहे. कोट्यवधी लोक ते वर्षानुवर्षे प्यायले, कातडीवर डाग आले, कर्करोग झाले. मग पंप तपासून रंगवले, लाल म्हणजे पिऊ नका, हिरवा म्हणजे प्या. डोळ्यांना स्वच्छ दिसणारे पाणी चांगलेच असते असे नाही, हे त्यांनी फार मोठी किंमत देऊन शिकवले. आपल्याकडेही यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड भागांतल्या कित्येक बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. त्याने दात पिवळे-तपकिरी पडतात, हाडे वाकतात. आणि एक लक्षात ठेवा, पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण फ्लोराइड किंवा आर्सेनिक जात नाही. पाणी आटले की ते उलट थोडे दाटच होते.

संडास बांधला, पुढे काय?

आता चौथी गोष्ट. संडासाचीही अशीच शिडी आहे. उघड्यावर जाणे, नुसता उघडा खड्डा, अनेक घरांत मिळून एक संडास, स्वतःच्या घरचा चांगला संडास, आणि सगळ्यात वर, ज्यातला मैला सुरक्षितपणे जिरतो किंवा शुद्ध होतो असा संडास. आपण बऱ्याच गावांत चौथ्या पायरीवर आलो आहोत. आठवते ना, भल्या पहाटे येणारे गुड मॉर्निंग पथक? ते दिवस मागे पडले. पण खड्डा भरल्यावर काय, याचे उत्तर अजून बऱ्याच घरांकडे नाही.

ज्यांच्याकडे उत्तर आहे त्यांना ते आयते मिळालेले नाही. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी लंडन शहराचा सगळा मैला थेम्स नदीत जाई, आणि तेच पाणी बरेच लोक पीत. पटकीच्या साथींत हजारो माणसे मेली. १८५४ मध्ये डॉ. जॉन स्नो यांनी एका सार्वजनिक पंपाच्या आसपासच मृत्यू कसे दाटले आहेत ते दाखवून दिले. तरी मोठे काम हलले नाही. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीची दुर्गंधी थेट संसदेच्या खिडक्यांतून आत शिरली, तेव्हा कुठे काही दिवसांत पैसे मंजूर झाले आणि शहराखाली गटारांचे जाळे बांधायला घेतले. सत्तेवरच्या माणसाच्या नाकापर्यंत वास पोचल्याशिवाय पैसा सुटत नाही, ही रीत जुनीच आहे.

ओरंगीच्या गल्ल्या

पण सरकार हललेच नाही तर? इथे आम्हाला आमच्या शेजारच्या देशातली गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती बचत गटाला फार जवळची आहे.

कराचीच्या एका टोकाला ओरंगी नावाची अफाट वस्ती आहे. १९७१ च्या युद्धानंतर तिथे निर्वासितांची गर्दी वाढली. घरे लोकांनी स्वतः बांधली, पण गटार नव्हते. मैला आणि सांडपाणी गल्लीतूनच वाहायचे आणि मुले त्यातच खेळायची. १९८० मध्ये अख्तर हमीद खान नावाचे वयस्क समाजसेवक तिथे आले. ते एकेकाळी इंग्रज सरकारचे बडे अधिकारी होते, ती नोकरी त्यांनी सोडून दिली होती. त्यांनी बरेच दिवस एकच काम केले. गल्लीगल्लीत बसून लोकांचे ऐकले.

लोक म्हणत, गटार सरकारने फुकट बांधून द्यावे. सरकार म्हणे, ही वस्तीच बेकायदा. खानसाहेबांनी खर्चाचा हिशोब उलगडून पाहिला. ठेकेदाराचा नफा, मधले हात आणि गरजेपेक्षा जड बांधकाम बाजूला काढले, तर खर्च कितीतरी पटींनी खाली येत होता. इतका, की मजुरी करणारे घरही तो थोडा थोडा भरू शकेल.

मग पद्धत ठरली. वीस ते चाळीस घरांची एक गल्ली. गल्लीने आपल्यातलाच एक विश्वासू माणूस निवडायचा. तो घरटी वर्गणी गोळा करणार, हिशोब ठेवणार. ओरंगी पायलट प्रोजेक्ट ही संस्था मोजणी करून देणार, उतार काढून देणार, नकाशा, साचे आणि अवजारे देणार, काम शिकवणार. पैसा मात्र देणार नाही. खोदायचे गल्लीने. सुरुवातीच्या कामांत चुकाही झाल्या, सिमेंटला नीट पाणी न मारल्याने ते तडकले. त्यावरून शिकून पुढची कामे सुधारली. एका गल्लीचे बघून दुसरी उठली. पुढच्या वीसेक वर्षांत हजारो गल्ल्यांत, नव्वद हजारांच्या आसपास घरांसाठी लोकांनी स्वतःच्या पैशाने गटारे आणि संडास उभे केले.

ऐकताना बचत गटच डोळ्यांपुढे येतो ना? लहान गट, ओळखीची माणसे, दर माणशी ठरलेली रक्कम, चोख वही. पण या गोष्टीतला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. गल्लीचे गटार लोकांनी बांधले. ते सगळे मिळतात तो मोठा नाला आणि मैला शुद्ध करण्याचे केंद्र मात्र कोणत्याही गल्लीच्या आवाक्यात नव्हते. खानसाहेब स्पष्ट सांगत, घरातला संडास, गल्लीतले गटार आणि वस्तीची जोडवाहिनी हे आपले काम. मुख्य नाला आणि शुद्धीकरण हे सरकारचे काम. लोकांनी आपला वाटा पुरा केला, नकाशे तयार केले आणि ते सरकारपुढे ठेवून म्हटले, आता तुमचा वाटा करा. लोकांनी सगळेच करावे ही अपेक्षा अन्यायाची आहे, आणि सगळेच सरकारवर सोडले तर वाट पाहण्यातच पिढी जाते. रेघ कुठे मारायची हे ओरंगीने दाखवले.

त्याच संस्थेच्या पुढे प्रमुख झालेल्या परवीन रहमान या वास्तुविशारद होत्या. नाल्यांचे, वस्त्यांचे नकाशे त्यांच्या देखरेखीखाली तयार झाले. शहराच्या जलवाहिन्यांतून पाणी चोरून ते टँकरने त्याच शहराला विकले जाते, याचाही हिशोब त्यांनी जागांसकट मांडला. १३ मार्च २०१३ ला कामावरून घरी जाताना त्यांना गोळ्या घालून मारण्यात आले. कोरड्या नळाला "निसर्गाची अवकृपा" म्हणणे सोपे असते. त्या कोरड्या नळावर कुणाची तरी कमाई चाललेली असू शकते, आणि ते उघड करणाऱ्या बाईला जीव गमवावा लागतो.

हक्क कागदावर, काम गावात

२८ जुलै २०१० ला संयुक्त राष्ट्रसंघाने पिण्याचे पाणी आणि स्वच्छता हा माणसाचा हक्क असल्याचा ठराव केला. ठराव मांडला होता बोलिव्हियाने. ज्या देशाच्या कोचाबांबा शहरात सन २००० मध्ये पाण्याचे दर भरमसाट वाढवले म्हणून लोक रस्त्यावर उतरले होते, तोच हा देश. १२२ देशांनी बाजूने मत दिले, भारतानेही. ४१ देश तटस्थ राहिले, त्यात काही बडे श्रीमंत देश होते. विरोधात कुणीच नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही जगण्याच्या हक्कात स्वच्छ पाणी येते असे वेळोवेळी सांगितले आहे.

म्हणजे पाणी मागणे ही भीक नव्हे. पण हक्क वहीत लिहून नळाला पाणी येत नाही. म्हणून गटांसाठी आमच्या पाच सूचना.

पहिली, पाणी तपासा. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच बायांना पाणी तपासणीचे किट वापरायला शिकवायचे ठरलेले आहे. आपल्या गावात त्या पाच कोण, किट कुठे आहे, शेवटची तपासणी कधी झाली, हे विचारा. किटमधल्या जंतू तपासण्याच्या बाटलीत पाणी भरून एक-दोन दिवस ठेवतात. पाणी काळे पडले तर ते दूषित. नळाचे घर, तारीख आणि निकाल वहीत लिहा. फ्लिंटच्या बायांनी केले ते हेच.

दुसरी, जलसुरक्षकाशी बोला. टाकीत टीसीएल पावडर रोज पडते का? शेवटच्या घराच्या नळावर ओटी तपासणी होते का? टाकीजवळच्या घराचा निकाल चांगला आला म्हणजे गावाच्या टोकाचा चांगला असेलच असे नाही. गावाला पाण्याचे कार्ड मिळते, लाल, पिवळे किंवा हिरवे. आपले कोणते आहे, आणि लाल असेल तर कशामुळे, हे ग्रामपंचायतीत विचारा.

तिसरी, खड्डा पाहा. संडासाला दोन शोषखड्डे असतील तर एका वेळी एकच वापरायचा. तो भरला की दुसरा सुरू करायचा आणि पहिला बंद ठेवायचा. दीड-दोन वर्षांत आतल्या मैल्याचे कोरडे, बिनवासाचे खत होते. खड्डा विहिरीपासून किंवा हातपंपापासून किमान १० मीटर लांब हवा, काही जमिनीत त्याहून जास्त. बंद टाकीचा संडास असेल तर ती उपसायला माणूस आत उतरवायचा नाही. टाकीतल्या विषारी वायूने माणसे मरतात, आणि असे काम करवून घेणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. उपसा यंत्राच्या गाडीनेच करायचा. आपल्या घराची स्वच्छता दुसऱ्याच्या जिवावर आणि जातीवर उभी राहू नये.

चौथी, समितीत बसा. गावाच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या बाया असाव्यात असे सांगितलेले आहे. नुसती सही करणाऱ्या नकोत, वही उघडून बघणाऱ्या हव्यात. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतीच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता. तो कुठे खर्च झाला, कोणत्या वस्तीत काम झाले, नव्या निधीत काय धरले आहे, हे विचारायचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते, ती त्यासाठीच आहे.

पाचवी, शेवटचे घर शोधा. गावात सगळ्यात कमी पाणी कुणाला मिळते? पाइपच्या टोकावरची वस्ती, पाड्यावरची घरे, ऊसतोडीला जाणारी कुटुंबे, एकटी राहणारी म्हातारी, अपंग बाई. आपल्या घरापुरते पाणी आले म्हणून आपण गप्प बसलो, तर जगातला हाच भेदभाव आपल्या गल्लीत आपणच चालू ठेवला असे होईल.

एक बोलायला अवघड गोष्टही सांगून टाकतो. बाजारात, एसटी स्टँडवर, शेतात मजुरीला गेल्यावर जायला जागा नसते म्हणून आपण पाणीच पीत नाही. लघवी तासन्‌तास दाबून धरतो. मग जळजळ होते, संसर्ग होतो. पाळीच्या दिवसांत तर मुली शाळाच बुडवतात. आठवडी बाजारात बायांसाठी पाणी आणि कडी असलेला संडास हवा, शाळेत मुलींसाठी वेगळा हवा, ही मागणी लाजून मनात ठेवू नका. महिला सभेच्या ठरावात स्पष्ट शब्दांत लिहून घ्या.

येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की वहीचे मागचे पान उघडा. एका रकान्यात प्रत्येक सभासदाचे नाव, दुसऱ्यात पाणी किती दिवसांनी येते, तिसऱ्यात तपासणीचा निकाल, चौथ्यात संडासाचा खड्डा कोणता आणि कधी भरला. वीस मिनिटांचे काम आहे. ते पान घेऊन महिला सभेला जा. गटांची अशी पाने एकत्र झाली की पुढच्या भागात त्यावरच बोलू. तोवर पाण्याचा हंडा झाकून ठेवा, ओगराळ्यानेच पाणी काढा, आणि जेवणाआधी साबणाने हात धुवा.

नमस्कार!